दोन डाव्या बाह्या

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. शेजारी एक शिंपी आणि त्याची थोरली बहीण बसली होती. त्याचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवून दिलेला होता.

“आठ महिने झाले हात लुळा पडून. दुकान देऊन टाक आता. घेणारा तयार आहे.”

“डाव्या हाताने कापतोय ना, ताई.”

“कापड नुसतं दुमडतं म्हणत होतास.”

“ती कात्री उजव्या हाताची होती. डावखुऱ्यांची मागवली. महिनाभर रद्दी कापली, मग जुन्या चादरी, आणि परवा हा शर्ट.”

“अरे, पण ही उजवी बाही अशी काय फिरलीय?”

“दुसरी कापताना कापड पलटायचं राहिलं. दोन्ही बाह्या डाव्याच निघाल्या.”

“आणि तसाच घालून आलास? काखेत काचत नाही?”

“त्या हाताला कळतंय कुठे अजून.”

“मग उसवून नीट बसव की.”

“ज्या दिवशी काचेल, त्या दिवशी उसवेन.”

“आणि दुकान घेणाऱ्याला काय सांगू?”

“सांग, आमची बाही अजून काचायची आहे.”