रविवारचा खेळ

मंडळी, एक विचारू? सहा दिवस कसेबसे ढकलायचे आणि एका रविवारची वाट बघायची! का हो, ते सहा दिवस देवानं दिलेले नाहीत?

हसू नका! आज शनिवार. निम्म्यांचं मन उद्याच्या मॅचमध्ये आहे, ठाऊक आहे मला. आमचे तबलजी तर मघाशीच उद्यात जाऊन झोपले! जागे व्हा, गुरुजी! बरं, मी तरी कुठला ताजातवाना? घसा बसलाय, पाय भरून आलेत. दमलेल्यानं दमलेल्यांना सांगायची गोष्ट आहे. टेकून बसा, पण ऐका.

बार्शीत वैजयंता काशीद नावाची एक बाई. शर्टाच्या कारखान्यात कॉलरी शिवायची. दिवसभर कॉलर! स्वप्नातही कॉलरच! नवरा ट्रकवर, कधीमधी घरी. घरात ती आणि सासू गोदाक्का. दोघींचा एकच नेम – रविवारी दुपारचा सिनेमा. सोमवारी मशीनवर बसली की वैजयंताच्या डोक्यात पुढचा रविवार सुरू. कुठला हिरो, कुठलं गाणं! त्या ओढीवर आठवडा निघायचा.

एकदा तिच्या आवडत्या नटाचा मोठा सिनेमा लागला. आणि नेमकी शनिवारी डबल पाळी! तरी रविवारी दोघी गेल्या. पडदा उजळला, हिरो आला, शिट्ट्या वाजल्या – आणि ही बाई झोपली! अशी झोपली की जाग आली तेव्हा दिवे लागलेले, झाडूवाला खुर्च्यांखाली शिरलेला!

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर चिडली. "आत्या, उठवलं का नाही? आठवडाभर वाट बघितली मी!"

"दमली होतीस गं. झोपू दिलं."

"बरं, शेवटी काय झालं? हिरो वाचला का?"

गोदाक्का पायानं पुढची पायरी चाचपू लागली. मग म्हणाली, "मारामारी झाली... गाणं झालं..."

"ते सगळ्यांतच होतं! वाचला का मेला?"

"मला दिसत नाही, वैजू," म्हातारी म्हणाली. "दिवाळीपासनं. पडद्यावर नुसता उजेड हलतो."

"मग येता कशाला इथं?"

"तू घरात बोलतीस कुठं? आलीस, भाकरी थापलीस, झोपलीस. रविवारी रिक्षात बसलीस की तोंड उघडतीस. तेवढ्यासाठी येते."

"अहो, पण डॉक्टर?"

"डोळ्यांचं शिबिर रविवारीच असतंय. तुझा एकच तर वार! तो कसा खाऊ मी?"

मंडळी, वैजयंता तिथंच पायरीवर बसली. रडावं, तर रडायलाही बळ नव्हतं अंगात.

सोमवारी रजा टाकून सासूला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, "डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढू, दिसेल. उजव्यात काचबिंदू होता. ती नजर गेली. लवकर यायला हवं होतं."

गोष्ट गोड करून सांगू? नाही सांगत. एक डोळा आला, एक गेला. वैजयंताची पाळी सुटली नाही, कॉलरी सुटल्या नाहीत. पण आता रोज भाकरी थापताना ती बोलते. मशीन बिघडलं, मुकादम ओरडला, काय असेल ते. आवाज ओढलेला असतो, मधेच जांभई येते. गोदाक्का चुलीपाशी बसून ऐकते. सिनेमाला जातात का? जातात की! का जाऊ नये? मौजेचं देवाला वावडं नाही, मंडळी!

तुम्हीही उद्या जा. मॅच बघा, पिक्चर बघा, तंगड्या पसरून लोळा. कमावलंय तुम्ही ते. पण आत्ता घरी जाल, तेव्हा कुणीतरी दार उघडेल. त्या माणसाला विचारा, "कसं चाललंय तुझं?" आणि दमला असाल, डोळे मिटत असतील, तरी उत्तर येईपर्यंत उंबऱ्यात उभे राहा.

आजचं भजन तेवढंच.