गाडुंगचे पाच काप

—नाही, बसत नाही सिंबाह आजी, उभ्याउभ्याच विचारते. हा एवढा एक काप चाखा. गाडुंगच आहे, मागच्या टेकडीवरचा, मीच खणला, मीच तळला. अख्खं गाव हा कंद तळायच्या आधी तुमच्याकडून चाखून नेतं, ठाऊक आहे मला, मीही येणारच होते, पण — आधी चाखा ना.

थुंकलात? मीठ जास्त झालं? नाही — मग घशात चुरचुरतंय? अहो, चार दिवस भिजवला होता. बरं, तीन. खरं सांगायचं तर दोन रात्री. आणि ओढ्यात नाही, बादलीत. ओढ्यात म्हशी डुंबतात, म्हटलं लेकराच्या तोंडात जायचं, पाणी तरी स्वच्छ असावं. राखही चोळली नाही, घाण वाटली. हसा, हसा — शाळेत रसायनशास्त्र शिकवते मी! यातलं विष फळ्यावर लिहून दाखवेन. पण बादलीतून ते जाणार कुठे, हे माझ्या शहाण्या डोक्यात आत्ता येतंय, तुमचं तोंड बघून. सासूबाई म्हणाल्या होत्या ना, शहरातली सून पोरीला पुडीतलंच चारणार — म्हणून हा सगळा अट्टाहास. आपल्या मातीतलं, आपल्या हातचं! फोटोसुद्धा पाठवला त्यांना, माझी लारास वाटी धरून बसलीय, गाल फुगलेले—

हो. खाल्ले तिने. एक-दोनच. पाच. पाच खाल्ले, सिंबाह. ‘अजून’ म्हणाली, आणि मला इतका आनंद झाला की मीच दिले.

पाठीवर आहे ना, झोळीत. झोपलीय. दुपारची झोपतेच ती — एवढा वेळ नाही झोपत. गाडुंगने माणूस झिंगतो म्हणतात, पण ते मोठ्यांचं, तीन वर्षांच्या पोरीचं कोण सांगणार? पापणी नका उचलू, उठेल. उठू दे! उठवा तिला, चिमटा काढा, जोरात काढा. लारास, बघ कोण आहे. सिंबाहचं बोट धर. धरलं का हो? घट्ट? बोला ना — नाही धरलं?

तुमच्या जावयाला हाक मारा, मोटारसायकल काढू दे, दवाखान्यात — काढतोय? बरं. पाणी नको मला. माझी पाठ ओली कशाने झालीय, सिंबाह? नका सांगू. तुम्ही हलू नका, मीही आता एक शब्द बोलत नाही. तिचा श्वास ऐकू दे मला.