रूथबाईंवर मी ठेवलेला दोष

मंडळीहो, पाळकसाहेब, शहाद्याहून आलेले रूथबाईंचे नातेवाईक, आणि वरच्या पाड्यांवरून पायी उतरून आलेल्या माझ्या भावाबहिणींनो,

रूथबाईंच्या या स्मरणसभेत मी उभा राहिलो तेव्हा मंडपात कुजबुज झाली. ती मी ऐकली. तुम्ही काय म्हणालात तेही मला ठाऊक आहे. हा माणूस कशाला उठला, असंच ना? रूथबाईंची भाची समोर बसली आहे. तिने मला बोलायला सांगितलेलं नाही. मीच पाळकसाहेबांना म्हणालो, मला थोडा वेळ द्या. ते क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनाही शंका आली असेल. येऊ द्या. माझ्याबद्दल शंका यावी असंच मी वागलो आहे.

जे बाहेरगावचे आहेत त्यांच्यासाठी सांगतो. माझं नाव शमुवेल. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी तीस वर्षं मराठी शिकवलं. या मंडळीचा मी वडील होतो, म्हणजे पंचांपैकी एक. रविवारी शास्त्राचा वर्गही मीच घ्यायचो. आणि रूथबाई म्हणजे आपल्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर. निवृत्त झाल्यावर त्या शहाद्याला परत गेल्या नाहीत, इथेच राहिल्या. तुमच्यातल्या निम्म्या लोकांना त्यांनी पहिली लस टोचली आहे.

सात वर्षांपूर्वी आपल्या आधीच्या पाळकांविरुद्ध वरिष्ठांकडे एक अर्ज गेला. खाली सही नव्हती. पाळक वरच्या पाड्यांवर जात नाहीत, आजाऱ्यांना भेटत नाहीत, एका म्हातारीच्या मातीलाही आले नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. पाळकांची बदली झाली. जाताना ते कोणाशी बोलले नाहीत. त्यांच्या बायकोने मात्र जीपमध्ये बसताना सगळ्या मंडळीकडे एकदा नीट पाहून घेतलं. त्या दिवसापासून आपण एकमेकांकडे तसंच बघायला लागलो.

अर्जाची आणि त्याच्या पाकिटाची झेरॉक्स माझ्या हाती आली. मी ती तीन दिवस घेऊन बसलो. मला वाटलं, हे माझंच काम आहे. मराठी माझा विषय. अर्ज शुद्ध मराठीत होता, आणि आपल्या घरांतून मराठी बोलतं कोण? शुद्ध मराठी लिहिणारी माणसं इथे तीन-चारच. वरच्या पाड्यांवर पाळक जात नाहीत हे कोणाला ठाऊक? जो स्वतः तिथे जातो त्याला. म्हणजे रूथबाईंना. पाकिटावर अक्कलकुव्याचा शिक्का होता, होळीच्या दुसऱ्या दिवसाचा. रूथबाई काठी गावच्या होळीला आरोग्य पथकात ड्युटीवर होत्या, आणि सकाळी अक्कलकुव्यावरूनच परतल्या होत्या. मग मी लसीकरणाची जुनी कार्डं काढली. त्यांचा ‘ळ’ आणि अर्जातला ‘ळ’, दोन्हींच्या शेपटीला सारखीच गाठ. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? आनंद झाला.

त्या रविवारी उपासना संपल्यावर मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर त्यांचं नाव घेतलं. शिक्का सांगितला, ‘ळ’ दाखवला. वर हेही म्हणालो, की यांना आपल्या मर्जीतला पाळक आणायचा आहे.

रूथबाई बाकावरून उठल्या नाहीत. त्यांनी मला एवढंच विचारलं, “मास्तर, तुमीन सोता देखं का?” तुम्ही स्वतः पाहिलं का?

मी म्हणालो, “अक्षर दिसतंय की.”

त्या पुढे काही बोलल्या नाहीत. आणि मी तुम्हा सगळ्यांकडे वळून म्हणालो, पाहा, गप्प आहेत.

मंडळीहो, दर शुभ शुक्रवारी, प्रभूच्या मरणाच्या दिवशी, मी तुमच्यासमोर उभा राहून काय सांगत आलो? रोमन सुभेदार पिलातासमोर आपल्या प्रभूवर आरोपांमागून आरोप झाले आणि तो गप्प राहिला. त्या गप्प राहण्याला आपण थोरपण म्हटलं. माझा आवाज भरून यायचा ते सांगताना. आणि रूथबाई गप्प राहिल्या तेव्हा आपण काय म्हटलं? कबुली.

त्यांना महिला मंडळाच्या प्रमुखपदावरून काढलं. शास्त्रवाचनाच्या यादीतलं त्यांचं नाव मी स्वतः खोडलं. त्यांच्या बाकावर कोणी बसेना. सात वर्षं त्या बाकावर एकच बाई बसली. पण एक रविवार त्यांनी चुकवला नाही. त्याचाही मला संशय यायचा. एवढं होऊनही येतात म्हणजे काहीतरी डाव असेल.

माझी बायको इथे पुढे बसली आहे, तिच्यासमोर सांगतो. चार वर्षांपूर्वी तिच्या पायाची जखम चिघळली. रोज इंजेक्शन आणि ड्रेसिंग हवं होतं. अक्कलकुव्याला रोज नेणं जमेना. कोणी न बोलावता रूथबाई पिशवी घेऊन दारात आल्या. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, ही बाई आता मला उपकाराखाली दाबणार. मी त्यांना आत घेतलं, पण त्या सुई भरायच्या आधी मी बाटली मागायचो. नाव वाचायचो, तारीख वाचायचो. दोन दिवस त्यांनी पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच बाटली खिडकीच्या उजेडात धरली. “वाचा, मास्तर.” मग रोज तसंच. आधी मी वाचायचो, मग त्या टोचायच्या. तीन आठवडे. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, आणि राग नाही म्हणूनही मला शंका यायची. बायको बरी झाली. ती मला म्हणाली, “तुम्ही त्या बाईला चहा तरी विचारला का?” नव्हता विचारला.

आता मी शास्त्राकडे येतो. त्या आजारपणानंतर मी ते पुन्हा वाचायला घेतलं. शिकवण्यासाठी नाही, कोणाला दाखवण्यासाठीही नाही.

सैतान या शब्दाचा मूळ अर्थ काय, ते मी मुलांना कितीदा सांगितलं असेल. शिंगं नाहीत, शेपूट नाही. विरोधात उभा राहणारा, आरोप करणारा. ईयोब या नीतिमान माणसाच्या गोष्टीत तो देवापुढे येतो तेव्हा काय म्हणतो ते नीट बघा. ईयोबाने चोरी केली, खून केला, असं तो म्हणत नाही. तो फक्त विचारतो, हा माणूस काय उगाच तुझी भक्ती करतो? म्हणजे तो हेतूवर बोट ठेवतो. त्याच्याकडे पुरावा नाही, त्याच्याकडे संशय आहे. ते वाचताना माझा हात थांबला. यांना मर्जीतला पाळक आणायचा आहे, हे वाक्य कोणाचं होतं? माझं.

आणि ती बाई, जिला व्यभिचारात पकडून, दगडांनी मारायचं म्हणून प्रभूपुढे उभं केलं होतं. तिथे एक गोष्ट मी कधीच शिकवली नव्हती. ती निर्दोष होती असं त्या गोष्टीत कोणीच म्हणत नाही. प्रभूही म्हणत नाही. तो चौकशी करत नाही, साक्षी तपासत नाही. एवढंच म्हणतो, ज्याने पाप केलं नसेल त्याने पहिला दगड मारावा. जुन्या नियमशास्त्रात असं होतं, की ज्याने साक्ष दिली त्यानेच पहिला दगड उचलायचा. नाव घेऊन बाजूला उभं राहायची सोय नव्हती. मी नाव घेतलं आणि दगड तुमच्या हातात दिले. माझे हात मी स्वच्छ ठेवले. असं मला वाटत होतं.

हे कळूनही त्यांच्या दारी जायला मला फार उशीर लागला. गेल्या महिन्यात रूथबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा कुठे मी त्यांच्याकडे गेलो. खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, “बाई, मला माफ करा. माझ्याकडे पुरावा नव्हता.”

त्यांनी विचारलं, “मग कोणी लिहिलं असं वाटतं तुम्हाला?”

आणि मी काय केलं, मंडळीहो? मी ताबडतोब दोन नावं सांगितली. कारणांसकट.

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, “मास्तर, माफी मांगाले उनात का चौकशी कराले?” माफी मागायला आलात की चौकशीला?

मी उठून घरी आलो. ती आमची शेवटची भेट.

त्यांच्या मातीनंतर तिसऱ्या दिवशी माझ्याकडे एक माणूस आलं. बाई की बाप्या, हेही मी सांगणार नाही. ओट्यावर बसलं, पाणी प्यायलं आणि म्हणालं, “मास्तर, तो अर्ज माझा होता.” अक्कलकुव्याला तहसील कचेरीबाहेर झाडाखाली अर्ज लिहून देणारे बसतात ना, त्यांच्यातल्या एकाकडून त्या माणसाने तो लिहून घेतला होता. आपल्या बोलीत सांगितलं आणि त्याने मराठीत लिहिलं. ‘मेहेरबान साहेबांच्या सेवेशी’ अशी त्याची सुरुवात होती. कचेरीची भाषा. मराठीचा मास्तर मी, मला ती ओळखता आली नाही. ‘ळ’ची गाठ त्या झाडाखालच्या माणसाची होती.

मी विचारलं, “रूथबाईंना हे माहीत होतं?”

“हो,” म्हणालं. “दुसऱ्या वर्षीच मी त्यांना जाऊन सांगितलं. म्हटलं, मंडळीसमोर कबूल करायची माझी तयारी आहे.”

“मग?”

“त्या म्हणाल्या, मास्तरले सांगू नको. आते तुन्हा मांगे लागतीन.”

आता ते तुझ्या मागे लागतील.

म्हणजे माझी बायको आजारी होती, मी बाटलीवरची तारीख वाचत होतो, तेव्हा त्या बाईंना सगळं ठाऊक होतं. एक नाव सांगून त्या मोकळ्या झाल्या असत्या. पण ते नाव घेतल्यावर मी काय करीन, हेही त्यांना ठाऊक होतं. आणि त्यांचं खरं होतं. ते माणूस माझ्या ओट्यावर रडत होतं, आणि माझ्या डोक्यात येत्या रविवारचं भाषण सुरू झालं होतं. कुठे उभं राहायचं, काय म्हणायचं, सगळं. मला स्वतःची भीती वाटली.

आपल्या शास्त्रात पवित्र आत्म्याला कैवारी म्हटलं आहे. आरोप करणारा एकीकडे, कैवार घेणारा दुसरीकडे. निर्दोष माणसाचा कैवार कोणीही घेईल. रूथबाईंनी ज्याचा घेतला त्याच्यामुळेच त्यांच्यावर दगड पडत होते. मी तीस वर्षं शब्दांचे अर्थ शिकवले, या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला.

तुम्ही आत्ता मनात यादी करत आहात. कोण आलं असेल मास्तरांकडे? कोणाची म्हातारी वारली होती तेव्हा? तिकडे मागे कोणी मान खाली घातली? मला दिसतंय. मीही तशीच यादी केली होती. नाव मी सांगणार नाही. घरी येऊन विचारलंत तरी नाही. वडीलपणाचा राजीनामा मी काल पाळकसाहेबांकडे दिला आहे. आणि एक सांगून ठेवतो. त्या अर्जात लिहिलेलं खोटं नव्हतं. पाळक पाड्यांवर जात नव्हते. आपण सात वर्षं कोणी लिहिलं याच्याच मागे राहिलो. लिहिलंय ते खरं आहे का, हे एकानेही विचारलं नाही.

रूथबाई, तुम्ही समोर नाही. ऐकू जातं की नाही, मला माहीत नाही. या मंडळीसमोर मी तुमच्यावर दोष ठेवला होता. या मंडळीसमोरच मी तो मागे घेतो. मला खरं नाव कळलं म्हणून नाही. तो अर्ज तुम्हीच लिहिला असता, तरी मला आज हेच म्हणावं लागलं असतं. हे मी तुमच्या खाटेजवळ बसून म्हणायला हवं होतं. मी तिथे दोन नावं सांगितली.

आता सगळ्यांनी उभं राहावं. प्रार्थना पाळकसाहेब नंतर करतील. त्याआधी काही वेळ आपण गप्प राहू. त्यांच्यासारखं.

रूथबाई, सलाम.