रशीदभाईंचं बटन

तुमी हसाल, पण ऐका. रशीदभाई रिटायर झाले आन् त्यांचा कॉम्प्युटरबी माझ्याच गळ्यात पडला. दोन्ही कॉम्प्युटरला मिळून कीबोर्ड, स्क्रीन एकच. मधी बटनाची एक डबी. बटन दाबलं की मी त्यांच्या कॉम्प्युटरवर. घाटनांदूरच्या आमच्या गोदामात आता माझ्याबिगर दुसरं कुणीच न्हाई. एका दुपारी करमंना म्हणून माझ्यावरून त्यांच्या नावाला मेसेज टाकला, "भाई, जेवलात का?" मग बटन दाबून त्यांच्यावरून मीच उत्तर दिलं, "तुझ्यासाठीच थांबलोय बे, डबा काढ."

मग ते रोजचंच झालं.

एक दिवस बीडहून नव्या साहेबांचा फोन. "मेसेज वाचले तुमचे. दोघं नुसत्या गप्पा मारता. एकाची बदली करतो."

खरं सांगायचं सोडून माझ्या तोंडून निघालं, "साहेब, भाईंची तेवढी करू नका."