नाव शेवटी येतं

देवासहून धारला निघालेल्या बसमध्ये विठोबातात्यांनी डोळे मिटले होते, कान मात्र टक्क उघडे ठेवले होते. पुढच्या बाकावर एक आई नि तिचा मुलगा बसले होते.

“आई, खरं सांग. बँकेचा म्हणवणाऱ्या त्या माणसाला फोनवर पासवर्ड सांगितलास?”

“अरे शंतनू, किती गोड बोलला! म्हणाला, माताजी, नहीं बताओगी तो खाता बंद हो जाएगा.”

“बाबांची सगळी पुंजी आहे त्यात! सांगितलास का?”

“एवढंच सांगितलं, की पासवर्ड म्हणजे आमच्या ह्यांचं नाव.”

“मर गए! आणि नाव?”

“ह्यांचं नाव मी घरात कधी घेतलं नाही, ते परक्या पुरुषापुढं घेईन?”

“मग?”

“तो म्हणाला, पहिलं अक्षर तरी सांगा. मी म्हटलं, भिया, अर्धं घेतलं काय नि पूर्ण घेतलं काय, नाव ते नावच. फारच गयावया करायला लागला, तेव्हा म्हटलं, उखाण्यात घेते.”

“घेतलंस?”

“मंगळागौरीचा लांबलचक उखाणा धरला. मांडूच्या महालापासून निघाले, मोहनखेड्याच्या देवळापर्यंत पोचले, तर मेल्यानं फोनच ठेवला! नाव तर शेवटी येतं ना रे?”

“वाचलो, आई! धारला उतरलो की आधी पासवर्ड बदलतो. आता काय ठेवू?”

तात्यांनी एक डोळा उघडला.

“मामंजींचं नाव ठेव, तुझ्या आजोबांचं. त्यांचं तर मी उखाण्यातसुद्धा घेत नाही.”