सरांनी कुरकुर करायचं सोडलं

प्राचार्य साहेब, सगळे सर, मॅडम, मुलं-मुली, आणि शिंगटे वहिनी.

मी दिलीप. कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान हाय, ते माझं. तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या पीएच.डी. माझ्याच दुकानात टाईप झाल्या, बायंडिंग झाल्या. तोंडओळख सगळ्यांशी हाय. पण स्टेजवर मी आज पहिल्यांदा चढलोय. मला भाषण येत न्हाई. चुकलं तर सांभाळून घ्या, असं म्हणायची पद्धत हाय. मी तसं म्हणणार न्हाई. का, ते कळंल.

शिंगटे सर गेले त्याला आज दहा दिवस झाले. त्या सकाळी मिरजेच्या दवाखान्यातनं फोन आला तवा मशीनच्या काचेवर कुणाचं तरी आधार कार्ड होतं. मी त्याच्या दोन प्रती काढल्या, दिल्या, मग खाली बसलो. रडू आलं न्हाई. अजून आलेलं न्हाई. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि मग गाल आपला वाटत न्हाई, तसं झालंय. जेवतोय. झोपतोय. मशीन चालू हाय.

प्राचार्य साहेब म्हणाले, तुमचा सरांशी जुना संबंध, दोन शब्द बोला. म्हणून उभा हाय.

सरांचा विषय तुमाला ठाऊक हाय. गिऱ्हाईकाचं समाधान आणि गिऱ्हाईकाची निष्ठा. लॉज, बँक, गॅरेज, पार्लर, दवाखाना. माणूस एकाच ठिकाणी परत परत का जातो, एवढं एकच सर आयुष्यभर शोधत राहिले. मी एकदा म्हटलं, "सर, ह्यात शोधायचं काय हाय? चांगलं मिळतं म्हणून जातो." सर म्हणाले, "मग मी तुझ्याकडे का येतो?"

हसा, हसा. सरांना चाललं असतं.

खरंच सांगतो, सर माझ्या दुकानातलं सगळ्यात कुरकुर करणारं गिऱ्हाईक. प्रश्नावलीच्या दोनशे प्रती न्यायला यायचे आणि काउंटरवर एक एक पान उलटून बघायचे. "दिलीप, हे तिरकं आलंय." "दिलीप, समासात काळा पट्टा कसला?" "तुझ्या मशीनला मोतीबिंदू झालाय का रे?" मागं रांग लागायची. मी वैतागायचो. एकदा बोललोच, "आवं सर, चौकात दुसरं दुकान हाय, नवीन मशीन हाय, तिकडं जावा की." सर चष्मा पुसत म्हणाले, "अरे, जे गिऱ्हाईक कुरकुर करतं ना, ते तुझं. त्याला तुझ्याकडेच यायचंय, म्हणून ते भांडतं. ज्या दिवशी ते गप्प होईल त्या दिवशी समज, आतून गेलं."

ही सरांची शिकवण. फुकट मिळालेली, काउंटरवर.

एकदा सर माझ्या गावाला आले होते, उंब्रजला. हायवेला लागून चहाची दोन हॉटेलं. एकात गर्दी, दुसरं रिकामं. चहा दोन्हीकडं सारखाच, पाणचट. सरांनी एका म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, इथंच का येता?" म्हातारा म्हणाला, "आवं, हितं बसलं की कोण ऊठ म्हणत न्हाई." सरांना एवढा आनंद झाला की विचारू नका. वही काढून तिथंच लिहून घेतलं. परत येताना एसटीत मला तीनदा वाचून दाखवलं. असा माणूस होता. लोकांनी तोंडानं सांगितलेलं त्याला खरं पाहिजे होतं. जसंच्या तसं.

आता मी जे सांगणार हाय ते ह्यासाठीच सांगतोय.

ह्या सभेचं पत्रक माझ्याकडंच टाईप झालं. सरांचा परिचय ऑफिसातनं लिहून आला. जन्म, शिक्षण, नोकरी, शोधनिबंधांची यादी. मी टाईप करत गेलो. यादीत पाचगणीच्या लॉजचा निबंध न्हाई. नसणारच. तो सरांनी मागं घेतला होता. जुन्या लोकांना आठवत असंल. मी त्या रिकाम्या जागेपाशी थांबलो आणि पुढची ओळ टाईप करता येईना.

तेरा वर्षं झाली. सरांनी पाचगणीच्या लॉजवर दरवर्षी येणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास घेतला होता. एम.कॉम.ची एक मुलगी फॉर्म भरून घ्यायला जायची. तिचं नाव मी घेणार न्हाई, तिचा काही दोष न्हाई. मे संपला, पाऊस लागला, लॉज रिकामे झाले, आणि तिचे बेचाळीस फॉर्म कमी पडले. ती माझ्या दुकानात बाकड्यावर बसून रडत होती. सर काय म्हणतील, ह्याची भीती. सर काही म्हणाले नसते हो. म्हणाले असते, "पुढच्या हंगामात जाऊ." पण तिला ते ठाऊक न्हवतं आणि मी तिला ते सांगितलं न्हाई.

मी काय केलं? मी म्हटलं, "रडू नगं पोरी. कोरे फॉर्म हितं ठेव. पाचगणीचा एक लॉजवाला माझ्या ओळखीचा हाय, त्याच्याकडनं भरून आणतो."

असा कुणी लॉजवाला न्हवता.

ते बेचाळीस फॉर्म मी भरले. दुपारच्या वेळी, गिऱ्हाईक नसताना, दुकानात बसून. प्रश्न तर मला पाठ होते, मीच टाईप केलेले. दोन पेनं वापरली, एक निळं, एक काळं. लय हुशारी केली असं वाटलं. आणि भरताना काय भरलं? सगळीकडं 'पूर्ण समाधानी'. सगळीकडं 'पुढच्या वर्षी नक्की येणार'. कुणाच्या लॉजला वाईट लिहायला जीव धजला न्हाई. म्हटलं, आपल्यामुळं कुणाच्या धंद्याचं नाव खराब कशाला?

मला वाटलं मी मदत केली. दारात आलेलं माणूस तसंच परत पाठवायचं न्हाई, हा माझा धंद्याचा नियम.

निबंध छापून आला. सरांचं कौतुक झालं, ह्याच हॉलमध्ये झालं. मी मागं उभा होतो, टाळ्या वाजवल्या. मग वर्षभरानं कुणीतरी मूळ फॉर्म बघायला मागितले. आकडे जरा जास्तच गोड हायत, असं म्हणणं आलं. कॉलेजनं समिती नेमली.

एक दिवस सर दुकानात आले. हातात गठ्ठा. म्हणाले, "ह्याच्या एकेक प्रत काढ, समितीला द्यायच्यात." मी वरचा फॉर्म उचलला. माझा होता. दुसरा, माझा. सगळीकडं एकसारखी गोड उत्तरं असलेले नेमके ते बेचाळीस सरांनी वेगळे काढून आणले होते. मी एक एक करून काचेवर ठेवत गेलो. सर काउंटरच्या पलीकडं उभे. माझी एक सवय हाय, बरोबरची खूण करताना माझा हात शेवटाला खाली वळतो, शेपूट येतं. प्रती झाल्या, मी पावती केली, पावतीवर खूण केली, सरांच्या हातात दिली. सरांनी पावतीकडं बघितलं. मग गठ्ठ्याकडं बघितलं.

मी विचारलं, "सर, काय झालंय?"

म्हणाले, "काही नाही. माझ्याकडून पडताळणी राहिली."

आणि गेले.

समितीपुढं सरांनी एवढंच सांगितलं, जबाबदारी माझी. मुलीचं नाव घेतलं न्हाई. माझं घेतलं न्हाई. ते बेचाळीस काढून सरांनी सगळं गणित परत करून बघितलं, निष्कर्ष उभा राहिना, तर स्वतः पत्र लिहून निबंध मागं घेतला. ते पत्र टाईप कुणी केलं? मीच केलं. सरांची मार्गदर्शक म्हणून मान्यता गेली. हाताखालची तीन मुलं दुसऱ्यांकडं गेली. विभागप्रमुखाची खुर्ची दारापर्यंत आलेली, ती परत गेली. ह्या हॉलमधले काही जण तवा माझ्याच काउंटरवर उभं राहून म्हणाले होते, "शिंगट्यांनी घरात बसून फॉर्म भरले." मी ऐकलं. मी म्हटलं, "किती प्रती काढू?"

का गप्प बसलो? दुकान कॉलेजवर चालतं. भीती वाटली. आधी एक आठवडा भीती होती, मग महिना झाला, मग वाटलं आता सांगून काय उपयोग? एवढंच कारण. त्याच्यापेक्षा मोठं कारण माझ्याकडं न्हाई.

आणि सर येत राहिले. हेच मला सहन होत न्हाई. अकरा वर्षं सर माझ्याच दुकानात आले. चौकातल्या दुकानात गेले न्हाईत. पण त्या दिवसापासनं त्यांनी एकदाही कुरकुर केली न्हाई. मी मुद्दाम तिरकी प्रत दिली. घेतली. समासात काळा पट्टा असलेली दिली. घेतली. पानं न उलटता पिशवीत घालायचे, "येतो दिलीप" म्हणायचे आणि जायचे. मी वाट बघायचो, आज तरी बोलतील. एक शब्द तरी बोला सर, शिवी द्या. न्हाई बोलले.

सरांना ठाऊक होतं. मला खात्री हाय. मग का येत होते? मला माफ केलं होतं म्हणून? का मी आपणहून बोलेन म्हणून वाट बघत होते? माणूस परत का येतो, ह्यावर त्यांनी आयुष्य घालवलं, आणि ते स्वतः माझ्याकडं का येत होते, हे मी त्यांना विचारू शकलो न्हाई. विचारलं असतं तर आधी कबूल करावं लागलं असतं. आता विचारायला माणूस न्हाई.

प्राचार्य साहेब, हे एक पान हाय. सगळं लिहिलंय, खाली सही हाय. टाईप केलेलं न्हाई, हातानं लिहिलंय. खाली बरोबरच्या चार खुणा केल्यात. ते फॉर्म अजून कपाटात असतील तर जुळवून बघा. आणि हे सरांच्या फाईलला लावा. पोलिसात द्यायचं असंल तर द्या. उद्यापासनं कॉलेजचं काम दुसरीकडं दिलंत तरी माझं काही म्हणणं न्हाई.

वहिनी, मी मघापासनं तुमच्याकडं बघितलं न्हाई. तुमच्या घरी अकरा वर्षं जे सोसलं, ते माझं होतं. तुमी मला माफ करा असं मी म्हणणार न्हाई. तुमाला ठाऊक असावं, एवढंच. सर खोटे न्हवते. एक दिवससुद्धा न्हवते.

प्राचार्य साहेबांनी मला सांगितलं होतं, तुमचं बोलून झालं की सगळ्यांना दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगा.

ते मला सांगता येणार न्हाई. मी अकरा वर्षं शांतच होतो. दुसऱ्या कुणीतरी सांगा. मी खाली येऊन सगळ्यात मागं उभा राहतो.