परस्पर मागितलेली माफी

वकीलबाई : काका, पुन्हा सांगा. तक्रार करणाऱ्या बाईंच्या घरी जाऊन तुम्ही नेमकं काय म्हणालात?

नवरा : फार काही नाही हो मॅडम. म्हटलं, झालं गेलं विसरून जा. हिच्या वतीने मी माफी मागतो.

बायको : आणि हे मला आज कळतंय. वकिलासमोर बसल्यावर.

नवरा : अगं, दोन शब्दांत मिटलं असतं तर बरंच होतं ना. शब्दाला काय पैसे पडतात?

वकीलबाई : पडतात काका, चांगलेच पडतात. आपली बाजू किती भक्कम होती ते ऐका. ताई वृद्धाश्रमात सेविका. एका आजींच्या मनगटावर निळे डाग दिसले, आणि ताईंनी हात पिरगाळला अशी आजींच्या मुलीने तक्रार केली. संस्थेने दुसऱ्याच दिवशी ताईंना काढून टाकलं. ना कारणे दाखवा नोटीस, ना चौकशी.

बायको : मॅनेजर म्हणाला, एप्रन इथेच ठेवा. मला काही विचारलंसुद्धा नाही.

वकीलबाई : तेच तर. आधी संस्थेला नोटीस द्यायची, की कामावर परत घ्या नाहीतर रीतसर चौकशी करा. नाही ऐकलं तर कामगार न्यायालय. अब्रुनुकसानीचा दावाही करता येतो, पण तो वर्षानुवर्षं रेंगाळतो, म्हणून मागे ठेवला. शिवाय आजी रक्त पातळ करायची गोळी घेतात, कॉटचा दांडा लागला तरी त्यांना निळं पडतं. डॉक्टर तसं सांगायला तयार आहेत.

नवरा : मग झालंच की.

वकीलबाई : होत आलं होतं. आता संस्थेचा वकील म्हणतो, खुद्द नवऱ्यानेच कबुली दिली आहे.

नवरा : कबुली कुठे? नुसती माफी मागितली.

बायको : न केलेल्याची माफी कोण मागतं?

नवरा : मी मागतो. शेजाऱ्यांच्या भिंतीला ओल आली तेव्हा नव्हती मागितली? पाइप त्यांचाच फुटला होता.

बायको : हो, आणि मग भिंत आपल्याला रंगवून द्यावी लागली.

वकीलबाई : भिंत राहू द्या. काका, एक वाट आहे. तुम्ही प्रतिज्ञापत्र करायचं. भांडण मिटावं म्हणून माफी मागितली, ताईंनी काही केलं असेल असं तुम्हाला कधीच वाटलं नाही. पण उलटतपासणीत हेच विचारतील, म्हणून मी आत्ताच विचारते. वाटलं होतं का?

नवरा : आता त्याचं असं आहे…

बायको : बोला की.

नवरा : तू दमून येतेस. घरी भांडी आदळतेस. म्हटलं, घाईत एखाद्या वेळी हात जरा जोरात धरला गेला असेल. मुद्दाम नाही म्हणत मी.

वकीलबाई : कपाळाला हात लावायची वेळ आणलीत काका.

बायको : चला, उभं राहायचंय.

नवरा : कुठे निघालीस? मॅडमचं बोलणं व्हायचंय अजून.

बायको : कुठेही नाही. मी उठवते तुम्हाला. जोर लावू नका, अंग सैल सोडा. ऐंशी वर्षांच्या आजी आहात असं समजा.

(ती त्याला खुर्चीतून उभं करते.)

नवरा : अरे वा. जिना चढताना गुडघ्यातून कळ येत होती, आत्ता काहीच नाही.

बायको : माझे हात कुठे होते?

नवरा : एक पाठीवर. एक कोपराखाली.

बायको : आणि मनगट?

नवरा : मनगटाला तू हातच लावला नाहीस.

बायको : रोज सगळ्यांना असंच उठवते. मनगट धरून ओढायचं नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. भांडी आदळते, कारण भांड्यांना लागत नाही.

नवरा : मॅडम… ते प्रतिज्ञापत्र…

वकीलबाई : 'कधीच वाटलं नाही' हे मी खोडलं. खोटं लिहायचं नाही. खरं आहे तेवढंच लिहू. तुम्ही तिथे नव्हता, तुम्हाला काही माहीत नव्हतं, आणि बायकोला न विचारता तुम्ही परस्पर गेलात.

नवरा : लिहा. न विचारता गेलो, हे आधी लिहा.

बायको : लिहितील त्या. तुम्ही बसा आता. गुडघा एकदम वाकवू नका. हं, सावकाश.